पार्श्वभूमी : कोयता, काठी आणि दीड सेकंद

पुण्यात कोयत्याची बातमी आली की दोन प्रश्न ठरलेले. पोलिसांनी काही केले नाही, तर ‘कमरेचे पिस्तूल काय शोभेला आहे का?’ आणि गोळी चालवली, तर ‘पायावर का नाही मारली?’ दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. त्यांची उत्तरे शोधायची तर थोडे मागे जावे लागते. पहिला मुक्काम भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर.

मुंबई इलाख्याची पोलीस प्रशिक्षण शाळा १९०६ मध्ये भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. इंग्रजांना हवा असलेला पोलीस १८६१ च्या कायद्यातून घडला होता : रांगेत चालणारा, हुकूम ऐकणारा, जमाव पांगवणारा. कवायत, लाठी, मस्केट्री म्हणजे बंदूक चालवण्याचे शिक्षण. गोळीबार करायचा तो अधिकाऱ्याने तोंडी हुकूम दिल्यावर, सांगितले तेवढेच राउंड, आणि नेम कमरेखाली. हवेत गोळी झाडायची नाही, कारण ती दूरच्या गच्चीवर उभ्या असलेल्या भलत्याच माणसाला लागते. या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट मुद्दाम गाळलेली होती : शिपायाचा स्वतःचा निर्णय. त्याने ठरवायचेच नव्हते.

क्षणात ठरवायची वेळ आली तर माणसाचे काय होते, याचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो अमेरिकेत, आणि तोही पोलीस मेल्यावर. ६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांनी एक मोटार थांबवली. पाच मिनिटांच्या आत चार तरुण पोलीस ठार झाले. मग संशयिताची गाडी कशी थांबवायची, कुठे उभे राहायचे, कुमक येईपर्यंत काय करायचे नाही, रिव्हॉल्व्हर भरायला किती वेळ लागतो, हे सगळे नव्याने शिकवले जाऊ लागले.

न्यूहॉलची एक गोष्ट जगभरच्या पोलीस शाळांत पसरली. मृतांपैकी एकाच्या खिशात म्हणे झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. सरावाच्या मैदानावर कचरा होऊ नये म्हणून पुंगळ्या खिशात टाकायची सवय होती, आणि जिवावर बेतले तेव्हाही हाताने तेच केले. पुढे अभ्यासकांनी तपास केला तेव्हा या गोष्टीला आधार मिळाला नाही. तरी प्रशिक्षक ती सांगत राहिले, कारण तिच्यातला धडा पटणारा होता : हात सरावात जे करतो तेच प्रसंगी करतो. आपल्याकडे फायरिंगच्या सरावानंतर पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक कमी भरली तर मैदानावर गवतात शोधाशोध सुरू होते. हिशेब नको असे कोणी म्हणणार नाही. पण वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडणाऱ्या माणसाच्या डोक्यात नेम राहतो की पुंगळी, हा प्रश्न न्यूहॉलची गोष्ट खोटी असली तरी खराच आहे.

कोयत्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे सॉल्ट लेक सिटीचा पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर. चाकू घेऊन अंगावर येणारा माणूस किती जवळ आला की धोका सुरू होतो, असा प्रश्न त्याला विद्यार्थ्यांकडून येत असे. त्याने साधा प्रयोग केला. होल्स्टरमधून पिस्तूल काढून छातीवर दोन गोळ्या मारायला सरावलेल्या पोलिसाला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्याच दीड सेकंदात धडधाकट माणूस एकवीस फूट धावतो. १९८३ मध्ये त्याने हे लिहून काढले. म्हणजे या एकवीस फुटांच्या आत चाकूवाला आणि होल्स्टरमधले पिस्तूल यांची गाठ पडली, तर चाकूवाल्याला हरवता येईलच असे नाही.

हा आकडा पुण्यात आणून बघा. ट्यूलरच्या पोलिसाचे होल्स्टर उघडे होते, सराव रोजचा होता आणि नजर समोरच्यावर होती. आपल्याकडे अधिकाऱ्याचे पिस्तूल दोरीने बांधलेले, अनेकदा झाकणाच्या होल्स्टरमध्ये, आणि चेंबरमध्ये राउंड ठेवायचा नाही ही जुनी सवय. झाकण उघडा, पिस्तूल काढा, स्लाइड ओढा, नेम धरा. दीड सेकंद केव्हाच संपला. त्यात सदाशिव पेठेतल्या कित्येक बोळांची रुंदीच एकवीस फूट भरत नाही. आणि हे झाले अधिकाऱ्याचे. बीटवरच्या अंमलदाराच्या हातात सहसा काठीच असते.

ट्यूलरचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. त्याने हा नियम म्हणून मांडलाच नव्हता. धोका ओळखा, मागे सरका, आडोसा घ्या, शस्त्र आधीच हातात ठेवा, असे त्याचे म्हणणे होते. पण शाळाशाळांतून आकडा तेवढा उचलला गेला आणि ‘एकवीस फुटांच्या आत चाकू दिसला की गोळी माफ’ असे त्याचे रूप झाले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यात सांगितले की पोलिसाला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा त्याची पारख घटनास्थळी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून करावी, मागाहूनच्या शहाणपणातून नव्हे. भूमिका रास्त होती. पण तिने एक दारही उघडले : तो क्षण ओढवून आणला कोणी, हा प्रश्न मागे पडला. २०१४ मध्ये क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या एका मुलाच्या हातात खेळण्यातले पिस्तूल होते. पोलिसांची गाडी थेट त्याच्या पुढ्यात जाऊन थांबली आणि दोनेक सेकंदांत गोळी सुटली. गाडी लांब थांबवली असती तर ते दोन सेकंद आलेच नसते.

आपल्या पोलिसांचा धडा २६ नोव्हेंबर २००८ चा. त्या रात्री कामा रुग्णालयाशेजारच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एकाच क्वालिसमध्ये होते. गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला आणि तिघेही गेले. एवढे वरिष्ठ अधिकारी एका गाडीत असू नयेत, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने ठरलेली कार्यपद्धती पाळली न गेल्यावर बोट ठेवले. सरावाला दारूगोळा नसल्याने शीघ्र प्रतिसाद पथकाचा गोळीबाराचा सरावच खोळंबला होता, हेही तेव्हा पुढे आले. ज्या राज्यात खडकीसारखा दारूगोळ्याचा कारखाना एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, तिथली ही गत.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर हल्लेखोरांची स्कोडा अडली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळाले, त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि ते सगळे योग्यच आहे. पण हे शौर्य कोणत्याही प्रशिक्षणातून आले नव्हते. भांबुर्ड्याच्या परंपरेत असा हुकूमच नाही.

सव्वीस अकरानंतर आले काय? फोर्स वन हे दहशतवादविरोधी पथक, शहराशहरांत शीघ्र कृती पथके, नव्या रायफली, बुलेटप्रूफ जाकिटे. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाल्यावर पुण्यातही हे वेगाने दिसू लागले. गडचिरोलीतही तसेच. २००९ या एका वर्षात मर्केगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मिळून ४८ पोलीस मारले गेले. रस्त्याने वाहनातून जायचे नाही, पायी जायचे, आधी रस्ता तपासायचा, हे तिथे रक्ताने लिहिलेले नियम आहेत. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ पथक खासगी वाहनातून निघाले आणि सुरुंगात पंधरा जवान व चालक गेले. नियम माहीत नव्हता असे कोण म्हणेल? अमेरिकेतही तेच. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर ‘जो पहिला पोहोचेल त्याने आत शिरायचे’ असे वीस वर्षे शिकवले गेले, आणि २०२२ मध्ये टेक्सासच्या युव्हाल्डी गावातल्या शाळेत ३७६ पोलीस ७७ मिनिटे ताटकळत राहिले. आत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मेल्या.

ही झाली पोलीस मेल्यावर बदललेल्या प्रशिक्षणाची बाजू. पोलिसांच्या हातून माणूस मेल्यावर काय बदलले? आपल्याकडे कागद बदलले. १९८२ मध्ये वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, तिथपासून मुंबईत चकमकींचे एक पर्व सुरू झाले आणि काही अधिकाऱ्यांची नावे आकड्यांसकट घेतली जाऊ लागली. त्यातल्या काही चकमकींत क्षणाचा निर्णय नव्हताच, निर्णय आधीच झालेला होता. २००६ च्या वर्सोव्यातल्या चकमकीत न्यायालयाला तेच दिसले. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणी एका नामांकित माजी अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सोळा कलमी निर्देश दिले. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, पोलिसांनी शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावीत, शौर्य सिद्ध होईपर्यंत बढती-पदक नाही. राज्य सीआयडीचे मुख्यालय पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे, त्यामुळे राज्यभरातल्या अशा फायली इथे येतात. हे सगळे निर्देश गोळी सुटल्यानंतरचे आहेत. सुटण्याआधीचा दीड सेकंद त्यांत नाही. तो न्यायालयाचा विषयही नव्हे, तो प्रशिक्षणाचा.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलीस गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावले असे पोलिसांचे म्हणणे. उच्च न्यायालयाने विचारले, गोळी डोक्यात का, पायावर का नाही? दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पुढे पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली. त्या प्रकरणापुरता न्यायालयाचा प्रश्न अगदी बरोबर होता. बंद गाडीत, हाताच्या अंतरावर, अनेक पोलीस असताना, एका माणसाला आवरण्याचे दुसरे मार्ग होते का, हाच मुद्दा होता.

पण रस्त्यावरच्या झटापटीत ‘पायावर मारा’ हे सांगणे सोपे आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ च्या नोंदी रँड या संस्थेने तपासल्या. समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या शंभरातल्या अठरा गोळ्या लागल्या. समोरून गोळीबार नसताना तीस. हे शरीराच्या मध्यावर नेम धरायला शिकवलेल्यांचे आकडे आहेत. धावणारा गुडघा याहून किती लहान! लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी चुकलेली प्रत्येक गोळी कोणाच्या तरी अंगात जाणार. कमरेखाली नेम हा नियम जमावासाठी, हुकमावर झाडायच्या गोळीसाठी होता; तो आपण एकट्या पोलिसाच्या जिवावरच्या प्रसंगाला लावतो. आणि हुकमावरची गोळीसुद्धा काही स्वच्छ सुटत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात द्रुतगती मार्गावर तीन शेतकरी मेले. त्यासाठी न्यायमूर्ती गायकवाड आयोग नेमावा लागला.

स्वसंरक्षणाचा हक्क सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, असे आपली न्यायालये म्हणत आली आहेत. मला ते पटते. मात्र ज्याला आयुष्यभर ठरवू नको म्हणून शिकवले, त्याच्याकडून दीड सेकंदात अचूक ठरवण्याची अपेक्षा करायची, यात कुठेतरी आपली लबाडी आहे.

२५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वारगेट आगारातून पळवलेली एसटी शहरभर सुसाट धावली आणि नऊ माणसे मेली. चालत्या बसच्या चालकावर गोळी झाडावी का? तो मेला तर ती अवजड बस कुठे जाईल? याचे उत्तर कुठल्या मस्केट्रीच्या वर्गात मिळणार? शेवटी एका तरुणाने बसमध्ये शिरून ती थांबवायला मदत केली. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हाही धावून आली ती अभ्यासिकेतली मुले. पेरुगेट चौकी बंद होती आणि तिथल्या पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. शिकवणीचा प्रश्न पुढचा. आधी माणूस जागेवर हवा.

कोयत्यासाठी उपयोगी पडेल असा बदल अलीकडे झाला आहे, आणि तो बंदुकांच्या देशाने बिनबंदुकीच्या पोलिसांकडून घेतला. २०१५ मध्ये अमेरिकेतले पोलीस प्रमुख स्कॉटलंडच्या टुलिअलन येथील पोलीस महाविद्यालयात गेले. तिथल्या शिपायाकडे पिस्तूल नसते, त्यामुळे चाकूवाला समोर आला की तो मागे सरकतो, मध्ये मोटार किंवा ढाल ठेवतो, साथीदाराला बाजूने फिरू देतो, बोलत राहतो. अंतर राखले की वेळ मिळतो आणि वेळ मिळाला की माणसे वाढतात. २०१६ पासून अमेरिकेत यावर आधारलेले प्रशिक्षण सुरू झाले आणि एकवीस फुटांचा ‘नियम’ टाकून द्या असे तिथल्या पोलीस प्रमुखांच्याच संघटनेने सांगितले. लुइव्हिल शहरात या प्रशिक्षणानंतर बळाचा वापर २८ टक्क्यांनी घटला, आणि जखमी पोलिसांची संख्या ३६ टक्क्यांनी.

पुण्याचे बीट मार्शल मोटारसायकलवर दोघे असतात, काठी घेऊन, बहुधा पिस्तुलाविना. त्यांना टुलिअलन सॉल्ट लेक सिटीपेक्षा जवळचे. मागे सरकणे हा आपल्याकडे पळपुटेपणा समजला जातो, ती समजूत वर्गात मोडावी लागेल. मोबाइलवर चित्रण करणाऱ्या गर्दीपुढे तर आणखीच अवघड. ढाली आपल्या पोलिसांकडेही आहेत. त्या दंगल नियंत्रण पथकाच्या गाडीत, एकावर एक रचलेल्या असतात, आणि ती गाडी बंदोबस्त लागल्याशिवाय पेठेत येत नाही.