खमीर म्हणजे पापच?

‘बायबलमध्ये खमीर म्हणजे पाप, म्हणून देवाला बेखमीर भाकरच चाले,’ हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटतं. पण बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातलं २३:१७ उघडा: सप्ताहांच्या सणाला, म्हणजे यहुद्यांच्या कापणीच्या सणाला, खमीर घालून भाजलेल्या दोन भाकरी परमेश्वरापुढे आणायच्या होत्या. वेदीवर खमीर जाळायचं नाही, एवढं खरं. वल्हांडणाला, म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणाला, ते वर्ज्य, कारण तिथून निघताना कणीक फुगायलाही सवड नव्हती.

खमीर म्हणजे तरी काय? आधीच्या आंबलेल्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा! यिर्मया संदेष्ट्याच्या काळी यरुशलेमेत भाकरी भाजणाऱ्यांची अख्खी आळी होती (यिर्मया ३७:२१). तिथेही असाच गोळा असणार.

येशूचा प्रेषित पौल खमिराला दुष्टपणाशी जोडतो, कबूल. येशू मात्र मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाच्या राज्यालाच खमिराची उपमा देतो, तेही तीन मापं पिठातल्या. म्हणजे जवळजवळ गावजेवणाचंच पीठ!