दम लवकर वाढतो, हाडं सावकाश: कमांडो चाचणीची तयारी

अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ कमांडोंमध्ये जायचं असेल तर आधी एक शारीरिक चाचणी पार करावी लागते. सगळे प्रकार एकाच दिवशी, ठरलेल्या क्रमाने द्यायचे असतात. सुरुवातीला ५०० यार्ड, म्हणजे ४५७ मीटर पोहणं, १२ मिनिटं ३० सेकंदांच्या आत. १० मिनिटं विश्रांती. मग २ मिनिटांत किमान ५० पुशअप, २ मिनिटं थांबून पुढच्या २ मिनिटांत ५० सिटअप, पुन्हा २ मिनिटांनी किमान १० पुलअप. शेवटी १० मिनिटांची विश्रांती आणि दीड मैल, म्हणजे २.४ किलोमीटर धावणं, १० मिनिटं ३० सेकंदांत. हे आकडे अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज करताना ताजा तक्ता बघावा. शिवाय हे नुसते पास होण्याचे आकडे झाले. निवडीची खरी आशा धरायची तर पोहणं ९ मिनिटांच्या आसपास, पुशअप आणि सिटअप ८० च्या पुढे, पुलअप १५ च्या वर आणि धावणं साडेनऊ मिनिटांत यायला हवं.

आपल्याकडे लष्कराचे पॅरा स्पेशल फोर्सेस आणि नौदलाचे मार्कोस या कमांडो दलांसाठी सैन्यात आधीच असलेले जवान स्वेच्छेने पुढे येतात आणि त्यांच्या चाचण्या वेगळ्या असतात. तरीही सीलची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. तिचे नियम उघड आहेत आणि अशा प्रशिक्षणात शरीराचं काय होतं यावर भरपूर संशोधन झालेलं आहे. स्नायू आणि हाडांचे नियम सगळ्या सैन्यांत सारखेच.

अग्निवीर भरतीसाठी मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला यातलं धावणं फार भारी वाटणार नाही. भरतीत पूर्ण गुणांसाठी १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढावे लागतात, म्हणजे ४०० मीटरचा एक राउंड साधारण ८२ सेकंदांत. सीलसाठी साडेनऊ मिनिटांचा वेग राउंडला ९४ सेकंद पडतो. अंतर दीडपट असलं तरी हा वेग आवाक्यातला आहे. आपल्या मुलांची अडचण होते ती पाण्यात.

४५७ मीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात १८ लांब्या आणि वर ७ मीटर. साडेबारा मिनिटांत संपवायचं तर एका लांबीला ४१ सेकंद मिळतात, ९ मिनिटांत संपवायचं तर साडेएकोणतीस. फ्रीस्टाइल चालत नाही. ब्रेस्टस्ट्रोक, साइडस्ट्रोक किंवा त्याचाच सुधारलेला ‘कॉम्बॅट साइडस्ट्रोक’ वापरावा लागतो. यात शरीर एका कुशीवर लांब ताणलेलं असतं, दोन्ही हात एकामागून एक पाणी ओढतात आणि पाय कात्रीसारखे उघडून मिटतात. पाय मिटले की हात पुढे ताणून एक-दोन सेकंद नुसतं घसरत जायचं. वेळ वाचते ती याच घसरण्यात.

यामागचं कारण भौतिकशास्त्राचं आहे. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी ताकद जवळपास घनाच्या. वेग १० टक्के वाढवायला सुमारे ३३ टक्के जास्त ताकद लागते. म्हणून दंडांत जोर भरण्यापेक्षा शरीरामुळे पाण्याला होणारा अडथळा कमी करणं कितीतरी स्वस्त पडतं. विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्यांना डोकं पाण्याबाहेर ठेवायची सवय असते. डोकं वर आलं की कंबर खाली जाते आणि अख्खं शरीर तिरपं होऊन पाणी अडवतं. श्वासापुरता चेहरा वळवायचा, एरवी नजर तळाकडे. सुधारणा मोजायची सोपी रीत म्हणजे प्रत्येक लांबीला किती हात मारले ते मोजणं. ५० मीटरचे ८ तुकडे पोहा, मध्ये अर्धा मिनिट थांबा आणि वेळ तीच ठेवून हात कमी करत न्या. आठवड्यातून तीनदा तलावात उतरलं तर दोन-तीन महिन्यांत फरक घड्याळावर दिसू लागतो.

एक गोष्ट मात्र कधीही एकट्याने करू नये: पाण्याखाली श्वास रोखण्याचा सराव. त्याआधी जोरजोरात श्वास घेतले तर आणखी वाईट. श्वास घेण्याची तीव्र ओढ रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड खाली जातो, ओढ लागतच नाही, आणि ऑक्सिजन संपून माणूस कुठलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारेही असेच बुडतात.

पुशअप आणि पुलअपमध्ये पहिल्या पाच-सहा आठवड्यांत आकडे झपाट्याने वाढतात. त्यात स्नायूची जाडी वाढल्याचा वाटा थोडाच असतो. मज्जासंस्था जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकते म्हणून ही वाढ होते. शिकण्याचं काम असल्यामुळे थोडं-थोडं पण वारंवार करणं जास्त फळतं. एका दमात ८ पुलअप निघत असतील तर ४-४ चे पाच-सहा सेट दिवसभरात विखरून, आठवड्यातून चार दिवस करावेत. दर वेळी हात सुटेपर्यंत लटकलं तर शेवटचे पुलअप वेडेवाकडे होतात आणि मज्जासंस्था तेच शिकते. चाचणीत हात पूर्ण सरळ व्हावे लागतात, हनुवटी दांड्याच्या वर जावी लागते आणि पायांचे झटके चालत नाहीत. तेव्हा सरावातही अर्धवट पुलअप मोजूच नयेत.

तालमीत जोर मारणाऱ्यांची छाती-खांद्यांची तयारी पक्की असते, पण जोरात शरीर कमानीतून पुढे जातं आणि पुशअपमध्ये ते फळीसारखं ताठ राहावं लागतं. शंभर जोर काढणाऱ्याने ८० पुशअप निघतीलच असं धरून चालू नये. ते वेगळे मोजावेत. दम खायचा तो हात सरळ असताना, वरच्याच स्थितीत. पहिल्या मिनिटातच सगळी ताकद ओतू नये. स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा (झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा) साठा जोरदार कामात १० सेकंदांच्या आसपास ओसरतो आणि अर्धा भरून यायला साधारण अर्धा मिनिट लागतं. स्नायू पूर्ण थकण्याआधीच, ३५-४० झाल्यावर दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा १०-१० च्या तुकड्यांत गेलं तर एकूण आकडा बहुतेकांचा वाढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं दुर्लक्षित राहणारं. व्यायाम सुरू केल्यावर शरीराचे भाग वेगवेगळ्या गतीने बदलतात. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण एक-दोन आठवड्यांत वाढतं. ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक स्नायूंत दीड-दोन महिन्यांत लक्षणीय वाढतात. कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना, महिने लागतात. हाडाचं तर उलटंच असतं: ते आधी कमजोर होतं. नवीन भार पडला की हाडातल्या काही पेशी जुना, थकलेला भाग पोखरून काढतात. ते काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. पण त्या पोकळ्या नव्या हाडाने भरायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून सुरुवात केल्यानंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात नडगीचं हाड आधीपेक्षा नाजूक असतं. नेमकं तेव्हाच दम वाढलेला असतो, पाय हलके वाटतात आणि माणूस अंतर दुप्पट करतो. जगभरच्या सैनिकी प्रशिक्षण केंद्रांत स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला जाणाऱ्या बारीक भेगा, याच सुमारास डोकं वर काढतात.

नडगी दुखायला लागली तर एका बोटाने हाडाच्या आतल्या कडेवर दाबत खाली या. दुखणं चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात पसरलेलं असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणाचा दाह असतो. धावणं निम्म्यावर आणलं की तो सहसा निवळतो. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल, त्या पायावर उडी मारताना दुखत असेल किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी भेग एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. जांघेत खोलवर दुखत असेल तर धावणं बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवा. मांडीच्या हाडाच्या मानेवर भेग गेली असेल आणि ते पुढे तुटलं, तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं.

यावर उपाय म्हणजे वेळ हाताशी ठेवणं. सील उमेदवारांसाठी अमेरिकी नौदलाने काढलेली मार्गदर्शिकाच २६ आठवड्यांची आहे. आठवड्यातून तीन दिवस धावणं पुरतं. एक दिवस लांब आणि सावकाश, बोलता-बोलता धावता येईल अशा वेगाने. एक दिवस १५-२० मिनिटं सलग, जोरात पण आवाक्यात. एक दिवस तुकड्यांचा. समजा दीड मैलाला साडेदहा मिनिटं लागतात, म्हणजे ४०० मीटरला साधारण १०५ सेकंद. तर १०१ सेकंदांत ४०० मीटर धावा, मग साडेतीन-चार मिनिटं चाला. असे ४ तुकडे घेऊन सुरुवात करा आणि काही आठवड्यांत १० पर्यंत या. दहाही ठरल्या वेळेत निघाले की मगच एक-दोन सेकंद कमी करा. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर एक तृतीयांशाने घटवा; पोखरलेलं हाड भरून यायला ही उसंत मिळते. जोडीला वजन घेऊन स्क्वॉट, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली. पोटरीचा स्नायू नडगीवरचा बराच ताण स्वतःवर घेतो.

खाण्याचाही हाडांशी थेट संबंध आहे. अमेरिकी नौदलाच्या महिला रिक्रूटांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. उन्हाच्या देशात राहूनही आपल्यातल्या अनेकांचं ड जीवनसत्त्व कमी निघतं, तेव्हा तयारी सुरू करतानाच रक्त तपासावं. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, ६५ किलोच्या मुलाला १०४ ग्रॅम. नुसत्या भाकरी-आमटीवर एवढं होत नाही. उसळ, दूध, दही, अंडी किंवा मासळी प्रत्येक जेवणात हवी.

भार घेऊन चालण्याची पाळी या सगळ्यानंतर येते. अमेरिकी रेंजर रेजिमेंटच्या निवडीत १२ मैल, म्हणजे १९.३ किलोमीटर, ३५ पौंडांचा भार घेऊन ३ तासांत काटावे लागतात. भार १६ किलो, वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या जवळ. सुरुवात स्वतःच्या वजनाच्या १० टक्के भाराने, दहा दिवसांतून एकदा. आधी अंतर वाढवा, मग भार, शेवटी वेग. एका वेळी एकच. पिशवीत जड वस्तू वर आणि पाठीला चिकटून ठेवा. पाठीवर ओझं घेऊन धावू नका.

दोन धोके असे आहेत की तिथे जिद्द माणसाचा जीव घेते. बऱ्याच दिवसांनी एकदम शेकडो पुशअप किंवा पुलअप काढले की स्नायूंचे तंतू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एक-दोन दिवसांनी हात सुजले, वाकेनासे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच रुग्णालय गाठा. दुसरा धोका उष्णतेचा. जुलै २०१३ मध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरांत ब्रिटनच्या एसएएस या कमांडो दलाच्या निवडीच्या मोहिमेत तीन राखीव सैनिक उष्माघाताने गेले, आणि तिथला तो उन्हाळा आपल्या एप्रिलपुढे काहीच नव्हता. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात वेग कमी ठेवा. जोडीदार बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर त्याला गार पाण्यात गळ्यापर्यंत बुडवा, डोकं पाण्यावर धरून ठेवा आणि मगच रुग्णालयात हलवा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं तर वाचण्याची शक्यता फार मोठी असते.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सरावाचं प्रमाण निम्म्यावर आणा, वेग मात्र तोच राहू द्या. शेवटचे दोन दिवस जवळपास आराम. चाचणीआधी दोन-तीन तास पोहे किंवा केळी-ब्रेडसारखं हलकं खा. पोहून बाहेर आल्यावर त्या १० मिनिटांत बसून राहू नका: अंग पुसा, कोरडे कपडे घाला, चालत राहा, दोन घोट पाणी घ्या. धावताना पहिला राउंड ठरल्या वेगापेक्षा दोन-तीन सेकंद सावकाश जाऊ द्या, कारण पोहून आणि सिटअप काढून मांडीचे पुढचे स्नायू आखडलेले असतात आणि ते पहिल्या ४०० मीटरमध्येच मोकळे होतात.