माशीचे डोके व्हिन्सेंट प्राइस यांच्या धडावर नव्हते

‘द फ्लाय’ या १९५८ सालच्या अल्पखर्ची विज्ञानपटात माशी झालेला शास्त्रज्ञ व्हिन्सेंट प्राइस यांनी साकारला, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. पदार्थ एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पाठवण्याचा प्रयोग स्वतःवर करताना नकळत आत शिरलेल्या माशीचे डोके आणि एक पाय घेऊन बाहेर पडणारा आंद्रे देलांब्र डेव्हिड हेडिसन यांनी रंगवला. प्राइस त्याचे भाऊ फ्रांस्वा झाले होते. पत्नी डोक्यावरचे फडके ओढते आणि माशीच्या नजरेतून तिचा किंचाळणारा चेहरा पडदाभर अनेक तुकड्यांत दिसतो, त्या प्रसंगी मुखवट्याआड, एक शब्दही न बोलता, हेडिसनच उभे आहेत. श्रेयनामावलीत ते ‘अल हेडिसन’ होते आणि भयपटांचा नट म्हणून प्राइस यांचा दबदबा मोठा, म्हणूनच बहुधा ही गफलत झाली असावी. शेवटी आंद्रेचे डोके लागलेली माशी कोळ्याच्या जाळ्यात अडकते; तिथून मदतीसाठी ओरडणारा इवलासा चेहराही हेडिसन यांचाच आहे.