निकालाआधीची सही : टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांची पार्श्वभूमी

९ फेब्रुवारी २००२ च्या रात्री ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडल’ची अंतिम फेरी झाली. ८७ लाख मते पडली, विल यंग जिंकला, गॅरेथ गेट्स दुसरा आला. विजेत्याचे पहिले गाणे मात्र निकालाच्या आधीच तयार होते. दोघांकडूनही तेच गाणे गाऊन घेतले होते. जो जिंकेल त्याची सीडी दुकानांत जाणार होती. विल यंगच्या सीडीच्या पहिल्याच आठवड्यात ११ लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्याच वर्षी अमेरिकेत ‘अमेरिकन आयडल’ने ही पद्धत जशीच्या तशी उचलली. ४ सप्टेंबरला केली क्लार्कसन जिंकली आणि तिचे विजयगीत अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत ५२ व्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर गेले. एका झेपेत २७ वरून पहिल्यावर जाण्याचा बीटल्सचा १९६४ चा विक्रम मोडला.

गाण्याच्या स्पर्धा त्याआधीही होत्याच. अमेरिकेत १९३५ मध्ये मेजर बोज यांचा हौशी कलाकारांचा कार्यक्रम एनबीसी रेडिओवरून देशभर ऐकू येऊ लागला. गाणे रंगले नाही की घंटा वाजवून गायकाला थांबवत. त्याच वर्षी चार जणांच्या एका चमूतून फ्रँक सिनात्रा तिथे गाऊन गेला. १९४८ मध्ये तो कार्यक्रम टीव्हीवर आला. ब्रिटनमध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या कार्यक्रमाला प्रेक्षक पत्राने मत कळवत. तिथे १९६८ मध्ये गायलेल्या मेरी हॉपकिनबद्दल मॉडेल ट्विगीने पॉल मॅकार्टनीला सांगितले आणि तिला बीटल्सच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीकडून पहिली मोठी संधी मिळाली. या कार्यक्रमांचे काम होते गायकाला लोकांसमोर उभे करणे. पुढचे दार उघडायचे की नाही, हे बाहेरचे कोणीतरी ठरवी.

हे बदलले न्यूझीलंडमध्ये. १९९९ च्या ‘पॉपस्टार्स’मध्ये मुलींचा एक गट निवडण्यापासून त्याची रेकॉर्ड निघेपर्यंतचा सगळा प्रवास कॅमेऱ्यासमोर झाला. गाण्याइतकीच गाणारे घडवण्याची गोष्ट लोकांना आवडते, हे तिथे दिसले. ब्रिटनमध्ये त्याच साच्यातून निघालेल्या ‘हिअरसे’ या गटाच्या पहिल्या सीडीच्या मार्च २००१ मध्ये आठवड्यात पाच लाखांहून अधिक प्रती गेल्या. २००२ संपायच्या आत गट फुटला. सायमन फुलरने, ज्याने आधी स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश मुलींच्या गटाचे व्यवस्थापन केले होते, या साच्याला प्रेक्षकांच्या फोनमतांची जोड दिली. टीव्हीचे हक्क, प्रायोजक, विजेत्याची रेकॉर्ड, दौरा आणि त्या गायकाचे व्यवस्थापन अशा साऱ्या धाग्यांची टोके एकमेकांत गुंतली.

माझ्या मते स्पर्धकांवर या कार्यक्रमांचा जो परिणाम झाला, त्याचे मूळ इथे आहे. पूर्वी गायकाला आधी श्रोते मिळत, मग करार. आता करारावर सही आधी होते आणि श्रोते नंतर येतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती त्या क्षणी घासाघीस करायला काहीच नसते. सही केली नाही, तर रांगेत मागे हजारो उभे असतात. केली क्लार्कसनला २००७ मध्ये स्वतः लिहिलेल्या गाण्यांच्या तिसऱ्या अल्बमसाठी रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांशी जाहीर भांडण करावे लागले, आणि तोवर ती जगभर गाजलेली गायिका होती. ‘अमेरिकन आयडल’चा २०१२ चा विजेता फिलिप फिलिप्स २०१५ मध्ये आपले करार जाचक असल्याची तक्रार घेऊन कॅलिफोर्नियाच्या कामगार आयुक्तांकडे गेला.

शिवाय वर्षभरात कार्यक्रमाला नवा विजेता हवा असतो. जुन्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. म्हणून मागे पडलेल्यांची यादी इतकी भरदार दिसते. जेनिफर हडसन २००४ च्या ‘अमेरिकन आयडल’मध्ये सातवी येऊन बाद झाली आणि २००७ मध्ये तिला ऑस्कर मिळाले. ‘वन डायरेक्शन’ हा गट २०१० च्या ‘एक्स फॅक्टर’ या ब्रिटिश स्पर्धेत तिसरा आला होता. अरिजित सिंग २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडला, काही वर्षे संगीतकारांच्या हाताखाली राबला आणि २०१३ मध्ये पार्श्वगायक म्हणून घराघरांत पोचला. विजेते टिकतच नाहीत असे मात्र नाही. ‘अमेरिकन आयडल’ची २००५ ची विजेती कॅरी अंडरवूड आठ ग्रॅमींची मानकरी आहे. तिच्यामागे कंट्री संगीताचे स्वतःचे रेडिओ आणि निष्ठावंत श्रोते होते. कार्यक्रम संपल्यावर गायकाला उभे राहायला जागा आहे का, यावर बरेच ठरते.

संगीतावरचा परिणाम ऐकायचा असेल तर स्पर्धेतले कुठलेही एक गाणे नीट ऐकावे. वेळ दीड-दोन मिनिटांचा. पहिले कडवे हळू आवाजात, दुसरे गाळलेले, मग थेट धृपद, शेवटी पट्टी चढवून एक लांबवलेला वरचा सूर. त्या सुरावर टाळ्या पडतात, परीक्षक उभे राहतात. संथ, संयत, शब्द जपून गाणाऱ्याला या आराखड्यात जागाच उरत नाही. गाणेही सहसा आधीपासून लोकांच्या ओठांवरचे निवडतात, कारण अनोळखी गाण्याला मत कोण देणार? डिसेंबर २००८ मध्ये ‘एक्स फॅक्टर’ची विजेती अलेक्झांड्रा बर्क हिने गायक-गीतकार लेनर्ड कोहेनचे एक जुने गाणे गायले, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच आठवड्यात अमेरिकन गायक जेफ बकलीने गायलेले तेच गाणे दुसरे होते आणि खुद्द कोहेनचे मूळ ध्वनिमुद्रण ३६ वे. जुन्या गाण्याला नवे श्रोते मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण २००५ ते २००८ अशी सलग चार वर्षे ब्रिटनच्या यादीतला नाताळाच्या आठवड्याचा पहिला क्रमांक त्याच कार्यक्रमाच्या विजेत्यांकडे राहिला आणि २००९ मध्ये श्रोत्यांनी मोहीम काढून ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन रॉक गटाचे १७ वर्षे जुने गाणे वर चढवले.

मतांवरचा विश्वासही डळमळला. चीनमध्ये २००५ च्या ‘सुपर गर्ल’मध्ये ली युचुनला एसएमएसने ३५ लाखांवर मते मिळाली, तेव्हा लोकांना आपण काहीतरी निवडतो आहोत असे वाटले होते. पण दक्षिण कोरियात ‘प्रोड्यूस १०१’ मालिकेतील मतांची फिरवाफिरवी उघड झाली आणि निर्मात्याला २०२० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली.

सर्वांत उशिरा लक्ष गेले ते स्पर्धकांच्या मनःस्वास्थ्याकडे. ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’मध्ये उपविजेती ठरलेल्या सुसान बॉइलला २००९ च्या अंतिम फेरीनंतर लगेच रुग्णालयात दाखल करावे लागले, तरी नियम बदलायला बारा वर्षे लागली. कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची काळजी घेण्याचे ऑफकॉम या ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेचे नवे नियम एप्रिल २०२१ मध्ये लागू झाले. ‘वन डायरेक्शन’चा लियाम पेन ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ व्या वर्षी गेला. त्या मृत्यूचा ठपका एका कार्यक्रमावर ठेवणे बरोबर नाही. पण पहिल्यांदा परीक्षकांसमोर उभा राहिला तेव्हा तो १४ वर्षांचा होता, हे विसरता येत नाही.

२०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘द व्हॉइस’ने परीक्षकांना पाठमोरे बसवले, चेहऱ्याऐवजी आवाज ऐकायला लावला. कल्पना सुंदर होती. पण अमेरिकेतल्या आवृत्तीत नाव झाले ते खुर्चीत बसलेल्या प्रस्थापित गायकांचे. २०१८ पासून त्यांत केली क्लार्कसनही होती. आज ऑडिशनला येणाऱ्या अनेकांची गाणी आधीच इंटरनेटवर असतात, त्यांचे स्वतःचे श्रोते असतात. रेकॉर्ड कंपन्याही थेट तिथेच गायक शोधतात. ब्रिटनमध्ये ‘एक्स फॅक्टर’चा शेवटचा नेहमीचा हंगाम २०१८ मध्ये झाला.