एचएमबी आणि एसएलसी कॅश: कॉपी मंदावली की दोष कुणाचा?

शाहूपुरीतल्या एका मित्राच्या स्टुडिओत लग्नाचं शूटिंग एका एसएसडीवर (चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर) कॉपी होत होतं. दीड-दोनशे जीबीचं फोल्डर. सुरुवातीला सेकंदाला दीड हजार एमबी, आणि बघता बघता वेग शंभराच्या खाली. मित्र म्हणाला, "भावा, हिच्यात डीरॅम (स्वतःची रॅम चिप) नाही ना, संगणकाच्या रॅममधली कॅश भरली बघ." हेच निदान इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. रॅम भरली नव्हती. भरली होती एसएलसी कॅश, म्हणजे एसएसडीतलीच झटपट लिहायची तात्पुरती जागा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

एसएलसी कॅश बहुतेकांना माहीत असते. टीएलसी आणि क्यूएलसी हे एसएसडीतल्या चिपचे प्रकार. टीएलसीच्या एका सेलमध्ये (डेटा ठेवायच्या कप्प्यात) ३ बिट बसतात, क्यूएलसीत ४. त्यातल्या काही सेलमध्ये एकच बिट लिहिला की काम झटपट होतं. एसएसडी मोकळी झाली की तो डेटा दाटीनं मांडून ठेवते. एसएसडी जितकी भरलेली, तितकी ही जागा सहसा कमी. मित्राची एसएसडी क्यूएलसी होती आणि तीन चतुर्थांश भरलेली. कॉपी रडणारच होती.

घोळ होतो तो एचएमबीचा, म्हणजे होस्ट मेमरी बफरचा. 'रॅम वापरतो' हे ऐकलं की लोकांना वाटतं, आपल्या फायली तिथे थांबतात. तसं नाही. तिथे असतात मुख्यतः पत्ते. कुठला डेटा चिपवर नेमका कुठे आहे, याचा तक्ता एसएसडीला सतत लागतो. दर ४ केबीमागे ४ बाइट धरले तर १ टीबीला साधारण १ जीबीचा तक्ता होतो. महागड्या एसएसडीत त्यासाठी वेगळी डीरॅम चिप असते. स्वस्त एसएसडीला संगणकाची थोडी रॅम उसनी घेण्याची सोय २०१४ च्या एनव्हीएमई १.२ ने, म्हणजे एसएसडी संगणकाशी कशी बोलते ते ठरवणाऱ्या मानकानं, दिली. विंडोज आणि लिनक्समध्ये ती २०१७ मध्ये आली.

उसनवारी असते ती किती? अनेकदा ६४ एमबी. म्हणजे वरच्या हिशेबानं सुमारे ६४ जीबी डेटाचे पत्ते हाताशी. काम तेवढ्यात असेल तर पत्ता लगेच सापडतो. त्याबाहेर गेलं की आधी फ्लॅशवरून (एसएसडीच्या साठवणीच्या चिपवरून) पत्ता वाचायचा, मग डेटा. दोन हेलपाटे. याचा फटका बसतो विखुरलेल्या छोट्या वाचनांना. एका ओळीत चाललेल्या मोठ्या व्हिडिओला पुढचे पत्ते पाठोपाठ मिळत जातात, तिथे एचएमबी असला काय नसला काय, फारसा फरक नाही.

म्हणूनच ८ ची १६ जीबी रॅम केल्यानं एचएमबी आपोआप वाढत नाही. किती द्यायची ते एसएसडीची मागणी आणि ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा ठरवते. लाइट गेली तरी तक्ता हरवत नाही, मूळ प्रत फ्लॅशवरच असते.

माझं मत स्पष्ट आहे: खोक्यावर डीरॅम शोधण्याआधी टीएलसी की क्यूएलसी ते विचारा. टॅली, ब्राउझर, घरचं काम यासाठी एचएमबीवाली टीएलसी मी डोळे झाकून घेईन. साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एसएसडीत मात्र एचएमबी नसतोच, तिथे डीरॅमचा आग्रह मला पटतो.

मित्र आता तीच एसएसडी यूएसबी केसमध्ये घालणार आहे. यूएसबीवरून तिला संगणकाच्या रॅमपर्यंत पोचता येत नाही, त्यामुळे एचएमबी तिथे खरोखरच बंद. जुनी शूटिंग ठेवायला चालेल. फोटोंचा कॅटलॉग मात्र तिच्यावर ठेवू नको, असं त्याला सांगितलंय. ती सगळी छोटी, विखुरलेली वाचनं असतात.