स्कॅनमध्ये उजळलं, तरच औषध

थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन वेचून घेतात. ते साधं आहे की किरणोत्सारी, हे त्यांना ओळखता येत नाही. त्यांच्या या भाबडेपणाचा फायदा घेत बोस्टनच्या सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये थायरॉइड अतिसक्रिय झालेल्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं. काही वर्षांत तोच उपाय थायरॉइडच्या कॅन्सरवरही सुरू झाला. आज वापरतात त्या आयोडीन-१३१ मधून निघणारे बीटा कण पेशी मारतात आणि गॅमा किरण शरीराबाहेर येऊन गाठ कुठे आहे ते कॅमेऱ्याला दाखवतात.

बाकीच्या बहुतेक कॅन्सरना आयोडीनशी घेणंदेणं नसतं. तिथे वेगळी खूण शोधावी लागते. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर बहुतेक वेळा पीएसएमए हे प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटेल असा छोटा रेणू घ्यायचा, त्याला एक रासायनिक पिंजरा जोडायचा आणि पिंजऱ्यात किरणोत्सारी धातूचा अणू बसवायचा. गॅलियम-६८ बसवला, तर ती तपासणी. त्यातून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि जवळजवळ विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. पेट स्कॅनरचं कडं अशा असंख्य जोड्या टिपून चित्र उभं करतं. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ आला, की तो उपचार. त्याचे बीटा कण जेमतेम २ मिलिमीटरपर्यंत जातात, त्यामुळे मार मुख्यतः गाठीलाच बसतो. अमेरिकेत या औषधाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती नकाराची. स्कॅनमध्ये गाठी उजळल्याच नाहीत, तर हे औषध त्या रुग्णाच्या कामाचं नाही, हे आधीच कळतं. अर्थात त्याच चित्रात लाळग्रंथी आणि मूत्रपिंडंही लख्ख दिसतात. तोंड कोरडं पडण्याचा त्रास का होतो, ते तिथेच समजतं.

ही औषधं साठवून ठेवता येत नाहीत. गॅलियम-६८ चा अर्धायुकाल ६८ मिनिटांचा. सकाळी १० वाजता भरलेली मात्रा ११ वाजून ८ मिनिटांनी निम्मी आणि १२ वाजून १६ मिनिटांनी पाव उरते. म्हणून लेबलवर मात्रेशेजारी वेळ लिहावीच लागते, आणि रुग्णाला यायला उशीर झाला तर औषध खरोखरच संपतं. ल्युटेशियमला निम्मं व्हायला साधारण साडेसहा दिवस लागतात. त्यामुळे ते एका देशात तयार करून दुसऱ्या देशात पाठवता येतं.

सध्या संशोधकांचा डोळा अ‍ॅक्टिनियम-२२५ वर आहे. त्याच्या क्षय-साखळीत, म्हणजे एका अणूचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा होत जातो त्या प्रवासात, चार अल्फा कण निघतात. प्रत्येक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंही अंतर जात नाही, पण वाटेत सापडलेल्या पेशीचा डीएनए असा तोडतो की दुरुस्ती अवघड. पंचाईत वेगळीच आहे. पहिला अल्फा कण सुटताना बसणाऱ्या धक्क्याने उरलेला अणू पिंजऱ्याबाहेर फेकला जातो. मग त्याच्यावर रेणूचा ताबा राहत नाही. पुढे साखळीत तयार होणारं बिस्मथ-२१३ रक्तात मोकळं फिरू लागलं, तर ते मूत्रपिंडात जाऊन साठतं.