लिनक्स कर्नेलमधील शटडाउन व रीस्टार्ट हँडलर

संगणक बंद किंवा रीस्टार्ट होताना कोणत्या ड्रायव्हरचे (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) कोणते फंक्शन कधी चालावे, हे ठरवणारी कर्नेलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, व्यवस्था. ड्रायव्हर आपला कॉलबॅक, म्हणजे नंतर चालवायचे फंक्शन, आधी नोंदवून ठेवतो आणि वेळ आली की कर्नेल तो चालवतो.

रीबूट सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नेलला केलेली रीबूटची विनंती) चुकून लागू नये म्हणून त्याला ठरावीक अंक द्यावे लागतात. त्यांतला एक हेक्साडेसिमलमध्ये लिहिला की लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांची २८ डिसेंबर १९६९ ही जन्मतारीख दिसते. विनंती मान्य झाली की आधी नोटिफायरांची, म्हणजे रीबूटची सूचना मिळवण्यासाठी नोंदवलेल्या कॉलबॅकची, साखळी चालते, मग उपकरणे नोंदणीच्या उलट क्रमाने बंद होतात. इथवर कॉलबॅकला झोपता येते (काम थांबवून वाट पाहता येते), दुसऱ्याने धरलेल्या लॉकसाठी थांबता येते. शेवटच्या टप्प्यात मात्र एआरएम-६४ प्रोसेसरांवर इंटरप्ट (हार्डवेअरकडून सीपीयूला येणारे इशारे) बंद असतात आणि बाकीचे सीपीयू थांबवलेले असतात, त्यामुळे तिथे थांबणे म्हणजे कायमचे अडकणे. आयटूसी बसवरील (चिपांना जोडणाऱ्या संथ मार्गावरील) पॉवर चिपला 'वीज तोड' सांगणाऱ्या ड्रायव्हरांना हे विशेष जाचते, कारण तो संदेश पाठवताना सहसा थांबावे लागते.

वीज बंद करण्यासाठी पूर्वी 'पीएम_पॉवर_ऑफ' हा एकच जागतिक (साऱ्या कर्नेलला सामाईक) फंक्शन-पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा पत्ता ठेवणारा चल, होता. दोन ड्रायव्हरांनी त्यावर हक्क सांगितला की शेवटी लिहिणारा टिकायचा. बोर्डाची वीज तोडणारे फंक्शन ड्रायव्हर कोणत्या क्रमाने लोड झाले यावर ठरावे, ही रचनाच सदोष होती. रीस्टार्टच्या बाजूने ग्युंटर रोएक यांनी २०१४ मध्ये उपाय आणला. कर्नेल ३.१८ पासून रीस्टार्ट हँडलर प्राधान्यक्रमाने नोंदवता येतात: ० म्हणजे शेवटचा पर्याय, १२८ नेहमीचा, २५५ सर्वांत आधी. यशस्वी हँडलर परत येतच नाही. परत आला तर कर्नेल पुढच्याला संधी देतो. अपयश ओळखण्याची याहून साधी रीत सापडणे कठीण.

दिमित्री ओसिपेंको यांच्या 'सिस-ऑफ' हँडलरांनी कर्नेल ५.१९ मध्ये (२०२२) वीज बंद करणे आणि रीस्टार्ट एकाच चौकटीत आणले. झोपता येणारा पूर्वतयारीचा टप्पा त्यात वेगळा ठेवला आहे. कॉलबॅकला ड्रायव्हरचा स्वतःचा डेटा मिळतो, म्हणून त्यासाठी जागतिक चल बाळगावे लागत नाही. नोंदणी उपकरणाशी बांधली, तर ड्रायव्हर निघताच ती आपोआप रद्द होते. जुना पॉइंटर सुसंगततेसाठी तेव्हा राहू दिला.

केएक्सेक या रीस्टार्टच्या प्रकारात फर्मवेअरला (बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरला) वगळून थेट नवा कर्नेल सुरू होतो. तिथे शटडाउन कॉलबॅकमध्ये नेटवर्क कार्डाचे डीएमए (सीपीयूविना थेट मेमरीत लिहिणे) थांबवले नाही, तर ते नव्या कर्नेलच्या मेमरीत लिहीत राहू शकते. आणीबाणीच्या रीस्टार्टमध्ये नोटिफायर आणि उपकरणांचे शटडाउन दोन्ही वगळले जातात. म्हणून मागच्या वेळी कॉलबॅक चाललाच असेल असे ड्रायव्हरने धरू नये, सुरू होतानाच हार्डवेअर ज्ञात स्थितीत आणावे.